करूनदाखव मास्तर आणि आमची शिडी

आर्या आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही एक जुना फोटो माझ्यासमोर धरलात आणि विचारलंत, "आजी, आपल्या ओट्यावर हे कोण झोपलंय? आणि यांच्या पोटावर चिकू का ठेवलेत?" तुमच्या आईला मीटिंग होती, त्यामुळे "डहाणूचे एक मास्तर होते" एवढं सांगून तिने विषय संपवला. माझं त्या उत्तराने समाधान झालं नाही. मास्तर यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वारले. अजून त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. आणखी काही वर्षांनी लिहायला बसले तर त्यांच्या तोंडी मी माझीच वाक्यं घालीन, म्हणून आत्ताच लिहिते.

मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की प्रत्येक क्रियापदापाशी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि विचारतात, "बाई, हे तुम्ही करून पाहिलंय का?" तुमची आई वाचून दाखवेल. अडलं तर मला फोन करा.

आजोबा निवृत्त झाल्यावर, दोन हजार चौदा साली, आम्ही डहाणूला राहायला आलो. आशागडच्या रस्त्याला घर, पुढे ओटा, मागे थोडी चिकूची झाडं आणि एक मोडकळीला आलेली कौलारू शेड. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, नोकरीही इंग्रजी शिकवण्याचीच. रिकामं बसणं जमेना म्हणून जवळच्या मुलींच्या वसतिगृहात जाऊन विचारलं, दहावीच्या मुलींना शनिवारी दुपारी इंग्रजी शिकवू का? तिथल्या रेक्टरबाई म्हणाल्या, "शिकवा की. पण आमच्याकडे एक मास्तर आधीपासून येतात. त्यांचं आणि तुमचं पटलं तर बघा."

पहिल्या शनिवारी मी एक तक्ता करून नेला. नेहमी गल्लत होणारी इंग्रजी क्रियापदं, जोडीजोडीने, तीन रंगांत, पट्टीने आखलेल्या रेघांत. मास्तर त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. उंच, थोडे वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेली छत्री. ती छत्री उन्हाळ्यातही तिथेच असे. पाठीला आधार म्हणून ठेवतो, असं ते सांगत.

"तक्ता बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "पण तो भिंतीवर आहे."

"मग कुठे असायला हवा?"

"अंगात." आणि मुलींकडे वळून म्हणाले, "उठा गं सगळ्या. आता बसा. आता ती सतरंजी उचला. तुम्ही उठलात ते 'राइज'. सतरंजीला तुम्ही उचललं ते 'रेझ'. सतरंजी आपणहून उठली का?"

"नाय!" मुली ओरडल्या.

"उठली असती तर आपण पळालो असतो. चला, परत."

सतरंजी वर जात होती, खाली येत होती, धूळ उडत होती आणि वीसेक मुली हसत होत्या. दोन आठवड्यांत रेक्टरबाईंनी हात जोडले आणि वर्ग आमच्या ओट्यावर आला.

मास्तर हे नाव वर्गामुळे पडलं. शाळेत त्यांनी कधी नोकरी केली नव्हती. ते कोर्टात कारकून होते. साक्षीदार पाड्यावरची बोली बोलणारा असला आणि न्यायाधीश बाहेरगावचे असले, की दुभाषी म्हणून यांना उभं करत. आई वारली तेव्हा ते तान्हे होते, आणि तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या बाईने त्यांना वाढवलं होतं. त्यामुळे ती बोली त्यांच्या तोंडात होती. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि फायलीत इंग्रजी.

एकदा एका खुनाच्या खटल्यात एक बाई साक्ष देत होती. विहिरीच्या काठावर दिराने माझ्या नवऱ्याला धरलं, असं ती म्हणाली. वकिलांना उत्तर मिळालं होतं, सगळे पुढच्या प्रश्नाकडे निघाले होते. पण हे अडून बसले. "साहेब, मला भाषांतर करता येत नाही. कसं धरलं ते तिने दाखवल्याशिवाय मी इंग्रजी शब्द निवडणार नाही." न्यायाधीश चिडले, मग परवानगी दिली. ती बाई पिंजऱ्यातून खाली आली आणि तिने मास्तरांना दोन्ही काखांखाली हात घालून धरलं. घसरणाऱ्या माणसाला धरतात तसं. पुढे त्या दिराचं काय झालं, हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "निकाल माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे क्रियापद होतं."

तेव्हापासून कोर्टात त्यांचं नाव करूनदाखव पडलं. निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्यामागे गावात आलं आणि गावाने त्याला मास्तर जोडलं.

नामांवर त्यांचा राग होता. "नामं दुकानात मिळतात," असं ते म्हणत. "दोन किलो साखर द्या, तुमचं काम झालं." माणसांचीही नावं ते वापरत नसत. माणूस जे करतो तेच त्याचं नाव. मी त्यांच्यासाठी 'चष्मा शोधणाऱ्या बाई' होते. तुमचे आजोबा रोज पेपर वाचून झाल्यावर तो आला होता तसाच घडी घालून ठेवतात, तर मास्तर फाटकातूनच विचारायचे, "घडी घालणारे आहेत का घरात?" आजोबांना सुरुवातीला ते फार लागलं. "मी रेल्वेत एवढी वर्षं काढली, एवढी माणसं माझ्या हाताखाली होती, आणि हा माणूस मला घडी घालणारे म्हणतो!" पण पेपरची घडी घालणं काही त्यांनी सोडलं नाही.

फोटोतला तो दिवस 'लाय' आणि 'ले' यांचा. या दोन शब्दांत शिकलेल्यांचीही दाणादाण उडते. मास्तरांनी कॉलरमधली छत्री काढून ठेवली, सरळ ओट्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "हा मी. मी आडवा झालो ते 'लाय'. मला कोणी आडवं केलं नाही. आता एकेकीने या, चिकू माझ्या पोटावर ठेवा आणि काय केलं ते इंग्रजीत सांगा. पडला तर पुन्हा." चिकू पडत होते, कारण मास्तर हसत होते आणि पोट हलत होतं. फोटो आजोबांनी काढला. 'वॉच' आणि 'सी' शिकवताना मात्र मास्तरांनी माझं दूध उतू घालवलं. मला गॅसपाशी उभं केलं, मुलींना खिडकीत, आणि मुद्दाम मला बोलण्यात गुंतवलं. दूध स्वयंपाकाच्या ओट्यावर वाहिलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "बघा मुलींनो. बाईंनी 'सी' केलं, 'वॉच' केलं नाही." ते दूध मी पुसलं. पुसणं त्या दिवशीच्या पाठात नव्हतं.

आता शिडीची गोष्ट. आजोबांची एक सागवानी शिडी होती, वखारीत समोर उभं राहून करून घेतलेली. 'बॉरो' आणि 'लेंड' शिकवायचं म्हणून मास्तर मुलींची रांग घेऊन आजोबांकडे आले. एका मुलीने शिडी मागितली, आजोबांनी दिली, दोघांनी आपापली वाक्यं म्हटली, टाळ्या झाल्या. आणि मास्तर शिडी घेऊन घरी निघाले.

"अहो, शिडी!" आजोबा म्हणाले.

"'रिटर्न' पुढच्या शनिवारी आहे."

"मला उद्या चिकू काढायचेत!"

"मग माझ्याकडे येऊन 'बॉरो' करा. मी 'लेंड' करीन."

आणि खरंच, आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतःचीच शिडी मागून घेऊन आले. परतही देऊन आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, पाठ बिघडायला नको."

त्या वर्षीच्या मुलींमध्ये रमिला होती. तलासरीच्या पुढे एका पाड्यावरची. सगळ्या ओट्यावर बसल्या तरी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. मास्तर तिला 'टेकून उभी राहणारी' म्हणायचे. बोलायची कमी, पण क्रियापद करायची वेळ आली की तिच्याइतकं अचूक कोणी करत नसे. तिला पुढे सायन्स घेऊन नर्सिंगला जायचं होतं. हे तिने मला एकदा हळूच सांगितलं होतं, अकरावीच्या वसतिगृहाची चौकशी करून ठेवाल का, म्हणून.

तिच्या पाड्यावरचे बरेच पुरुष पावसाळा संपला की सौराष्ट्रातल्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात आणि शिमग्याला नाहीतर पावसाआधी घरी येतात. रमिलाचे वडीलही जात. त्या थंडीत बोटीच्या मालकाचा सरपंचाला फोन आला. बोट पाकिस्तानच्या पाण्यात गेली म्हणून तिकडच्या लोकांनी पकडली, सगळे खलाशी तिकडे तुरुंगात आहेत. जिवंत आहेत एवढं कळलं. कधी सुटतील ते कोणालाच सांगता येईना. पाड्यावर आधीही कोणी कोणी असे अडकले होते. कोणी वर्षात आला, कोणी फार उशिरा.

हे आम्हाला लगेच कळलं नाही. रमिलाने सांगितलंच नाही. ते बाहेर आलं 'वेट', 'होप' आणि 'एक्स्पेक्ट' यांच्या शनिवारी.

'वेट' सोपं होतं. मास्तरांनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि काही करायचं नाही म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने मुली चुळबुळायला लागल्या. "हे 'वेट'. कंटाळा आला ना? बरोबर." मग 'होप' आलं. मास्तर अंगणात मधोमध उभे राहिले. हात खाली सोडले, पुन्हा वर केले, आभाळाकडे पाहिलं, मान खाली घातली. शेवटी म्हणाले, "हे करून दाखवता येत नाही. डोळे वर केले की नाटक होतं. आपण हे सध्या बाजूला ठेवू."

"आणि 'एक्स्पेक्ट'?" मी विचारलं.

"ते घरी करून या. उद्या रविवार, सगळ्या घरी चालल्यात. तुमच्या घरी कोणी यायचं असेल तर घरातली माणसं काय करतात ते बघा आणि पुढच्या शनिवारी इथे करून दाखवा."

पुढच्या शनिवारी धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावातली निकिता सगळ्यांच्या आधी उठली. ती वसतिगृहातली नव्हती, रोज घरून येणारी. वडिलांची बोट आणि आईची मासळी. तिने कमरेला ओढणी खोचली, आमच्या नळाखाली टोपली धुतली, पालथी घातली आणि रागाने बोलायला लागली, "बरफवाल्याला फोन केला का नाय? किती वेळा सांगू? बोट काय तुझी वाट बघत बंदराला उभी राहणार?" मग आपल्या आवाजात म्हणाली, "मास्तर, ही माझी आई. बोट अजून दिसत पण नसते, तेव्हा ती हे करते."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी छत्री उघडली आणि मिटली. "बघितलंत? बोट दिसल्यावर टोपली धुतली तर उशीर झाला. 'एक्स्पेक्ट' म्हणजे टोपली आधी धुणं."

मग दाराकडे बघून म्हणाले, "टेकून उभी राहणारी, तुझ्या घरी काय?"

रमिला म्हणाली, "आमच्या घरी 'एक्स्पेक्ट' नाय. 'वेट' हाय."

आणि मग तिने सगळं सांगितलं. तुटक, सपाट आवाजात. बापूस धरला गेल्यापासून आई काही करत नाही. मजुरीला जाते, भात शिजवते, एवढंच. छपराचं गवत कुजलंय, मागच्या पावसातच गळत होतं, पण ते बापूस आल्यावर. कुडाची भिंत पडलीय, ती बापूस आल्यावर. आणि दहावी झाली की घरी ये, पुढचं बापूस आल्यावर विचारू.

मास्तरांनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "बाई, अकरावीचे प्रवेश कधी असतात?"

"दहावीचा निकाल लागला की. जूनमध्ये."

"आणि तो जूनपर्यंत आला नाही तर मुलगी घरी बसणार."

"हो. आणि एकदा घरी बसलेली मुलगी परत येत नाही, हे मी शाळेत खूप पाहिलंय."

"पाहिलंत," ते म्हणाले. आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

परीक्षा संपल्यावर रमिलाला घरी सोडायला आम्ही दोघं गेलो. एसटीने तलासरी, तिथून शेअर जीप, पुढे पायवाट. उन्हात पळसाची फुलं पडलेली. घर लहानसंच. छपराचं गवत काळं पडलेलं आणि एका बाजूने खाली बसलेलं. रमिलाची आई, जमना, उंबऱ्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, पुन्हा बसली. मला वाटलं होतं मास्तर शिक्षणाचं महत्त्व सांगतील. मी माझ्या पिशवीत अकरावीची माहिती घेऊन आले होते, नीट क्रमाने लावून. ती पिशवी मी उघडलीच नाही.

मास्तर समोर मातीत बसले आणि त्यांच्या त्या बोलीत म्हणाले, "बाय, तो उद्या आला त काय करशील?"

"उद्या कसा येल?"

"मी कुठं बोललो येल? आला त?"

जमनाने त्यांच्याकडे बघितलं. मग तिला हसू आलं. "आला त पहिलं शिव्या देन."

शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाला येऊन उभ्या होत्या, त्या फिसकन हसल्या. "मोप देल! आमाला बी ऐकू येल."

"दे शिव्या," मास्तर म्हणाले. "मंग?"

"मंग पाणी तापवीन. तुरुंगातून येल, अंग धुवाय लागंल ना. मंग कोंबडा कापीन."

"कोंबडा हाय?"

"नाय. पण आणीन ना."

"मंग तो जेवला. हात धुतला. वर बघितलं." मास्तरांनी मान वर करून छपराकडे बघितलं. जमनानेही बघितलं.

"छप्पर बघून तो बोलंल," ती म्हणाली.

"काय बोलंल?"

"बोलंल, मी नव्हतो त तुमी काय डोक्यावर टोपली घेऊन बसले?"

"मंग इचारल, पोर कितवी झाली?"

जमनाने जमिनीवरची एक काडी उचलली. रमिला माझ्या मागे, कुडाला टेकून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बोलेन, दहावी झाली," जमना हळू म्हणाली. "बोलेन, घरी हाय. तुझी वाट बघत."

"मंग?"

ती जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिली. मग एकदम म्हणाली, "मंग तो मला शिव्या देल."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "म्हणून आत्ता करून दाखव."

पण जमना काही साधी नव्हती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी निसतं बोलता मास्तर. बसून बोलता. छप्पर बाईमाणूस काय बोलून नीट करते? तुमी चढा ना वर!"

कुंपणाच्या बाया आता उघड हसत होत्या. एक म्हणाली, "चढ रे म्हाताऱ्या, छत्री हाय ना तुझी, पडला त उघड!" मास्तरांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद बघितला, तो मी नंतर फार कमी वेळा बघितला. गेली कित्येक वर्षं ते लोकांना करून दाखव म्हणत होते. त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी ते फाटकात हजर. "घडी घालणारे आहेत का घरात? शिडी 'बॉरो' करायची आहे."

"कशाला?" आजोबांनी विचारलं. कशाला ते कळल्यावर त्यांनी हातातला पेपर खाली घेतला. मग म्हणाले, "नुसत्या शिडीने काय होणार? गवत पुन्हा कुजेल. मागची शेड पाडायचीच आहे. कौलं घेऊन जा." आणि घडी न घालताच पेपर खुर्चीवर टाकून ते टेम्पोवाल्याला फोन करायला उठले.

कौलं टेम्पोत चढवायला वर्गातल्या मुली आल्या. निकिता आईला घेऊन आली. सुक्या बोंबलांची चटणी भाकरीबरोबर बांधून आणली होती, कामावरच्या माणसांसाठी. पाड्यावर वासे आणि रिपा शेजारच्यांनी मिळून आधीच तोडून, सोलून ठेवल्या होत्या. जमनाने आठवडाभरात पडलेला कूड बांधून सारवला होता. मास्तर खरंच शिडीवर चढले. अर्ध्यापर्यंतच. तिथून ते हातोहात येणारं कौल वर देत होते आणि प्रत्येक कौलाबरोबर खालच्या मुलींकडून इंग्रजी वाक्य घेत होते. वाक्य चुकलं की कौल थांबायचं. वर बसलेला माणूस वैतागला. "ओ मास्तर, पावसाच्या आधी व्हयाचं ना हे?"

झालं, पावसाच्या आधी झालं. जूनमध्ये निकाल लागला. रमिला सायन्ससाठी डहाणूला आली. तिला सोडायला जमना स्वतः आली होती. वसतिगृहाच्या दारात तिने मुलीला विचारलं, "काय काय शिकवतील?" रमिला सांगायला लागली. जमनाने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "ध्यानात ठेवते. तो इचारल."

शिडी तिकडेच राहिली होती. आजोबांनी दोनदा आठवण करून दिली. मास्तर म्हणाले, "आणतो. टेम्पो तिकडे जाईल तेव्हा." टेम्पो बऱ्याच वेळा गेला असावा.

रमिला बारावीत असताना तिचे वडील सुटले. टीव्हीवर खलाशी सुटल्याची बातमी होती, पण त्यात आपल्या पाड्यावरचं कोणी आहे की नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. पुढचं सगळं मी रमिलाच्या तोंडून ऐकलं, आमच्याच ओट्यावर, मास्तरांसमोर.

ते संध्याकाळी एकटेच पायवाटेने आले. हातात एक पिशवी. गवताचं छप्पर शोधत चालले आणि स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेले. पाड्याच्या टोकाला पोचले, परत फिरले. एका कौलारू घरासमोर एक बाई पाठमोरी तांदूळ पाखडत होती, तिला विचारलं, "बाय, माझं घर होतं इथं, ते पडलं का काय?"

जमनाने सूप खाली ठेवलं आणि मागे वळून शिव्या द्यायला सुरुवात केली. अख्खा पाडा गोळा झाला तरी ती थांबली नाही. ते घराकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत उभे. शिव्या संपल्यावर ती रडायला बसली. मग कोंबडा. मग जेवून, हात धुऊन त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "पोर कितवी झाली?"

"बारावीला हाय," जमना म्हणाली. "डहाणूला. फिजिस, किमिस्ट्री आन बायलाजी." तिने ते सगळं ध्यानात ठेवलं होतं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. रमिलाचं सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पाणी कोणी तापवलं?"

"शेजारणीनं. आई शिव्या देत होती ना."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि मान डोलावली. उतारा तपासून सही करावी तशी.

निकिताही त्या दिवशी आली होती. तिने विचारलं, "मास्तर, मग आता 'होप' घ्यायचं?"

"ते बाजूला आहे," मास्तर म्हणाले. "असू दे बाजूला."

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे डोळे गेले. शनिवारी मी त्यांना हाताला धरून ओट्यावर आणायचे. मुली क्रियापद करायच्या आणि ते आवाजावरून ओळखायचे. सतरंजी उचलली की कोणी बसलं, कोणी नुसतं बघतंय की लक्ष ठेवतंय. चुकत नसत. आजोबांनी पेपर बाजूला ठेवला की म्हणत, "घातली घडी." रमिला नर्सिंगला गेल्यावर भेटायला आली होती, तेव्हा दारात तिच्या पावलांचा आवाज थांबला. "टेकू नकोस," ते म्हणाले. "आत ये."

त्यांच्यामागे त्यांचं म्हणावं असं कोणी नव्हतं. घरात सामान थोडंच होतं, ते वाटून टाकलं. छत्री निकिताच्या आईने नेली, बंदरावर बसायला. 'होप'चा पाठ त्यांनी कधीच घेतला नाही. मीही घेतलेला नाही. शनिवारचा वर्ग आहे, माझा तक्ता कपाटात आहे, आणि ओट्यावर सतरंजी वरखाली होते.

रमिलाच्या वडिलांनी एकदा शिडी परत देऊ का, म्हणून निरोप पाठवला होता. आजोबांनी उलट निरोप पाठवला, "दर वर्षी पावसाआधी कौलं फिरवायला लागतील. राहू दे." त्यामुळे शिडी अजून तलासरीलाच आहे, जमनाच्या घराच्या मागच्या भिंतीला आडवी टांगलेली.

तुमची,
आजी